थांबलेला घोडा

फिरणारी कुठलीही वस्तू दिसली की आमचे वरच्या मजल्यावरचे शेजारी आधी तिच्यावर तळहात ठेवत आणि डोळे मिटत. मिक्सर, कपडे धुण्याचं यंत्र, शिवणयंत्राचं चाक, काहीही चालायचं. एकदा तर आमच्या रेवाच्या वाढदिवसाला भाड्यानं आणलेला फिरता केकस्टँडही त्यांच्या तावडीतून सुटला नाही. पोरं मेणबत्त्या घेऊन ताटकळत उभी, आणि हे आपले डोळे मिटून ऐकत बसलेले. मग डोळे उघडून नेहमीचं वाक्य म्हणाले, "आधी रिकामं फिरू द्या."

नव्या मिक्सरच्या बाबतीत हे ठीक आहे. पण ते माणसांनाही हाच सल्ला देत. रेवाची शाळेत भाषणाची स्पर्धा होती, तेव्हा म्हणाले की आदल्या दिवशी रिकाम्या हॉलमध्ये एकदा बोलून ये. मी नोकरी बदलत होते, तेव्हा मला म्हणाले की नव्या ऑफिसला सुट्टीच्या दिवशी एकदा जाऊन या, नुसती वाट चालून बघा. मी गेले, आणि सोमवारी खरंच कमी धडधडलं.

त्यांचं कामच तसं होतं. सिंगापूरमधल्या एका कंपनीत ते इंजिनिअर होते, आणि ती कंपनी करमणुकीच्या बागांतली चक्रं, पाळणे, झोके तपासून द्यायची. पाळणा तपासायची रीत अशी की तो आधी रिकामा फिरवतात, मग प्रत्येक जागेवर वाळूची पोती ठेवून फिरवतात, आणि मगच त्यात माणसं बसतात. सगळं आयुष्य हे काम केलेला माणूस स्वतः कधी कशात बसला नव्हता. रेवानं एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, माणसं बसायला लागली की माझं काम संपतं, मी घरी जातो. रेवा म्हणाली, "So sad lah, Uncle." ते हसले आणि त्यांनी तिच्या ताटातली एक काकडी उचलली.

आमची ओळख लिफ्टमध्ये झाली. क्लेमेंटीच्या आमच्या ब्लॉकमध्ये ते आमच्या वरच्या मजल्यावर एका म्हाताऱ्या चिनी गृहस्थांकडे खोली भाड्यानं घेऊन राहत. मी बाजाराच्या पिशव्या सावरत लिफ्टमध्ये शिरले, तर हे भिंतीला हात लावून उभे, आणि स्वतःशीच पुटपुटले, "बेअरिंग बोलतंय." आता परक्या देशातल्या लिफ्टमध्ये अचानक मराठी कानावर पडलं की माणसाचं काय होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. मी पटकन विचारलं, काय म्हणतंय? त्यांनी दचकून हात मागे घेतला आणि म्हणाले, पुढच्या महिन्यात बंद पडेल. ती लिफ्ट पुढे कित्येक वर्षं चालली. आमच्या कपडे धुण्याच्या यंत्रालाही त्यांनी दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती, ते अजून कुरकुर न करता चालतं आहे. मी टोमणा मारला की म्हणत, बंद पडेल एवढं मी सांगतो, कधी ते यंत्र ठरवतं.

त्यांच्या खोलीत एक पलंग, एक टेबल, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि शेजारी आईवडिलांचा एक धुरकट फोटो होता. लग्न का केलं नाही, हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. घरमालक अंकल आणि ते संध्याकाळी शेजारी शेजारी बसून टीव्हीवर फुटबॉल बघत. दोघांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती, आणि त्याचं दोघांनाही काही वाटत नव्हतं. सामना संपला की अंकल झोपायला जात आणि हे व्हरांड्यात येऊन नागपूरला बहिणीला फोन लावत.

तो फोन सगळ्या ब्लॉकला पाठ होता. सुरुवातीला "जयभीम ताई", शेवटी "जेवलीस का", आणि मध्ये बराच वेळ नुसतं "हं". ताई तिकडून बोलत असायच्या, हे कठड्याला रेलून समोरच्या ब्लॉकचे दिवे बघत असायचे. फोन संपला तरी ते तिथेच उभे राहत. मी कधी वाळलेले कपडे काढायला बाहेर आले की वरून त्यांची सावली पलीकडच्या भिंतीवर दिसायची. त्या माणसाला कुणीतरी जेवायला बोलवायला हवं, असं मला वाटायचं. माझा नवरा महिन्यातले अर्धे दिवस कामासाठी बाहेर, रेवा तिच्या मैत्रिणींत, तेव्हा खरं सांगायचं तर जेवायला सोबत मलाही हवीच होती. असे ते आमच्याकडे येऊ लागले.

आपल्या लोकांच्या कार्यक्रमांना ते यायचे, पण शेवटी. जेवायचे, खुर्च्या एकावर एक रचायला मदत करायचे आणि निघून जायचे. आपल्याकडे नव्या माणसाला विचारायची एक पद्धत असते, तुम्ही ऐकली असेल. आडनावावरून गाव, गावावरून गल्ली, आणि मग चेहऱ्यावर एक समजल्याचं हसू. कुणी तसं विचारायला लागलं, मूळचे कुठले आपण, की ते अगदी गंभीरपणे सांगत, "क्लेमेंटी. मार्केटच्या मागचा ब्लॉक." विचारणारा गोंधळून वरणभाताकडे वळायचा. ते रागावलेले कधीच दिसले नाहीत, पण त्या रात्री खुर्च्या जरा जास्त आवाज करत रचल्या जायच्या.

एका रविवारी सकाळी त्यांनी दार वाजवलं आणि विचारलं, थोडा वेळ आहे का, एक घोडा दाखवायचा आहे.

बुओना व्हिस्टाला आम्ही गेलो. तो सगळा ऑफिसांचा भाग, रविवारी तिथे चिटपाखरू नसतं. एका इमारतीच्या तळमजल्यावर एक कॅफे होता, आणि त्याच्या काचेपाशी, लोखंडी पायावर बसवलेला, छातीएवढ्या उंचीचा लाकडी घोडा. जत्रेतल्या पाळण्यावरचा. पांढरा रंग पोपडे येऊन सुटलेला, पाठीवर लाल खोगीर रंगवलेलं, एक कान तुटका, आणि पाठीतून आरपार भोक, जिथून पूर्वी दांडा जात असणार. गळ्यात इंग्रजीत पाटी होती की हा भारतातून आणलेला जुना घोडा आहे. पायाशी दुसरी पाटी होती, की कृपया यावर बसू नये.

कॅफेची मॅनेजर पन्नाशीची चिनी बाई होती. तिनं न विचारताच त्यांच्यासमोर साखर नसलेली कॉफी आणून ठेवली. तेव्हा मला कळलं, की गेले कित्येक महिने रविवारी सकाळी हे कुठे जातात. घोड्याच्या शेजारची खुर्ची त्यांची ठरलेली होती. त्यांनी नेहमीप्रमाणे घोड्याच्या मानेवर तळहात ठेवला, पण डोळे मिटले नाहीत. म्हणाले, "हा आमच्या गावच्या जत्रेतला आहे. याच्यावर माझी ताई बसली होती."

मग त्यांनी सांगितलं. त्यांची सांगायची रीत तपासणीच्या अहवालासारखी, आधी हे, मग ते. मी माझ्या शब्दांत सांगते.

विदर्भातलं त्यांचं गाव. देवीची जत्रा भरायची आणि तालुक्याहून एक पाळणेवाला लाकडी घोड्यांचा पाळणा बैलगाडीवर घालून आणायचा. त्याला इंजिन नव्हतं. मधल्या खांबाला आडव्या दांड्या होत्या आणि त्या ढकलत माणसं आत गोल गोल पळायची, तेव्हा बाहेरचे घोडे फिरायचे. ढकलायला दरवर्षी यांचे वडील आणि काका. ते काम त्यांच्या वस्तीचंच, गावातल्या दुसऱ्या कुणी त्या दांडीला हात लावायचा नाही. आणि वस्तीतल्या पोरांनी घोड्यावर बसायचं नाही. अगदी कधीच नाही असंही नव्हतं. जत्रा संपली, घोडे उतरवून गाडीत भरायची वेळ आली, की पाळणेवाला मेहेरबान होऊन म्हणायचा, बसा रे आता. थांबलेल्या घोड्यावर वस्तीच्या पोरांना बसता यायचं. फिरत्या घोड्यावर नाही.

त्या घरानं तोवर धम्म घेतला होता, आणि गावानं सांगितलेली जुनी कामं वडील एकेक करून सोडत होते. ताई नऊ-दहा वर्षांची, शाळेत जाणारी. तिनं वडिलांना विचारलं, तुम्ही पळता म्हणून घोडे पळतात ना, मग मी का नाही बसायचं? दुसऱ्या दिवशी वडील पाळणेवाल्याला म्हणाले, माझी पोरगी इतरांसारखे पैसे देऊन रांगेत उभी राहील आणि बसेल. पाळणेवाल्यानं गावातल्या मोठ्या माणसांकडे बघितलं आणि नाही म्हणाला. तेव्हा वडील आणि काका दांड्या सोडून खाली बसले.

पाळणा थांबला. ऐन जत्रेत थांबला. घोड्यांवर गावातली पोरं बसलेली, आणि ढकलायला कुणी तयार नाही, कारण दांडीला हात लावला तर आपण कोण ठरू, ही सगळ्यांना भीती. पाळणेवाल्यानं शिव्या दिल्या, विनवण्या केल्या, स्वतः ढकलून बघितलं, त्याला एकट्याला ते चाक हलेना. गावातली पोरं रडून रडून आयांचा जीव खाऊ लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी पाळणेवाल्याचा धीर सुटला आणि तो म्हणाला, बसवा पोरीला.

ताई बसली. ती बसताच बाकीच्या आयांनी आपापली पोरं उचलून खाली घेतली. सगळे घोडे रिकामे, एकावर ताई. ताईच्या पुढ्यात यांना बसवायचं ठरलं होतं, पण भोवती एवढी माणसं आणि कुणी अवाक्षर बोलत नाही, हे बघून यांनी भोकाड पसरलं. आईनं यांना कडेवर घेतलं. मग वडील आणि काका ढकलायला लागले आणि ताई एकटी फिरली.

एवढं सांगून त्यांनी कॉफीचा घोट घेतला. मी विचारलं, मग पुढे? ते म्हणाले, मग काय, विहीर बंद झाली, शेतावरचं काम बंद झालं. महिनाभरात घर सोडून सगळी नागपूरला आली. वडील गिरणीत लागले. ताईची शाळा सुटली, ती आईबरोबर विड्या वळायला बसली. "मी मात्र शिकलो," ते म्हणाले. "त्यांनी मला शिकवलं. ताईनं वळलेल्या विड्यांवर मी इंजिनिअर झालो."

जत्रेतल्या घोड्यावर लहानपणी मीही बसले आहे. आत कोण पळतं आहे, हे मी कधी वाकून बघितलं नव्हतं. मी मूर्खासारखं विचारलं, पण हा तोच घोडा कशावरून? ते म्हणाले, "हाताला कळतं."

मला ते पटलं नाही, तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू. असे घोडे गावोगावच्या गोदामांत पडून असतात, जुन्या लाकडाचे व्यापारी उचलतात आणि रंग आणखी खरवडून परदेशी विकतात. एकाच कारागिराच्या हातचे कितीतरी असतील. पण रविवारची ती एक खुर्ची सोडली तर त्या माणसाला या बेटावर स्वतःचं असं काही नव्हतं, म्हणून मी गप्प बसले.

त्यानंतर त्यांनी ध्यासच घेतला. ताईला इथे आणायचं आणि या घोड्यावर बसवायचं. ताईंनी उभ्या आयुष्यात पुन्हा कधी पाळण्यात पाय ठेवला नव्हता. लग्न झालं, नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. यांनी त्यांना नागपुरात दोन मजली घर बांधून दिलं, पैसे पाठवले, फ्रीज घेतला, फिरतं चाक असलेली मसाल्याची चक्की घेतली. ताई सगळं घेत आणि स्वतःहून कधीच काही मागत नसत. हे त्यांना फार लागायचं. एकदा म्हणाले, काही मागितलं तर देता येतं, न मागणाऱ्या माणसाचं काय करायचं?

ताईंनी आधी साफ नकार दिला. गुडघे दुखतात, विमानात कान दुखतात, शेजारणीच्या नातीचं बारसं आहे. हे रोज व्हरांड्यात उभे राहून पटवत राहिले, आणि त्या दिवसांत त्या फोनमधलं "हं" कमी होऊन पहिल्यांदा वाक्यं ऐकू येऊ लागली. शेवटी पासपोर्ट झाला, व्हिसा झाला. इकडे त्यांनी मॅनेजरबाईंना सगळी हकीकत सांगितली. ती पाटीकडे बघून म्हणाली, की रविवारी कॅफे उघडायच्या आधी या, ती पाटी मी आत नेऊन ठेवीन.

आता तुम्हाला वाटेल झालं. पण ते इंजिनिअर होते. तो लोखंडी पाया घोडा पेलण्यासाठी होता, माणूस पेलण्यासाठी नव्हे. त्यांनी आधी घोडा रिकामा हलवून बघितला. मग फोनवर ताईंना वजन विचारलं. ताई दोन दिवस रुसल्या. शेवटी अंदाजानं तेवढ्या तांदळाच्या पिशव्या घेऊन आम्ही तिघं, ते, मी आणि रेवा, क्लेमेंटीहून एमआरटीनं बुओना व्हिस्टाला गेलो. डब्यातले लोक बघत होते. रेवा माझ्यापासून चार हात लांब उभी राहून म्हणाली, "Mummy, I don't know you all, okay." कॅफेत त्यांनी एकेक पिशवी खोगिरावर ठेवली, खाली वाकून पायाचे बोल्ट बघितले, घोड्याच्या पोटाखालून हात फिरवला आणि समाधानानं मान हलवली. परत येताना त्यांनी अर्धे तांदूळ मॅनेजरबाईंना दिले आणि अर्धे अंकलना.

ताई आल्या. उंच, सडसडीत, पांढऱ्या लुगड्याला निळी किनार, हातात जवसाच्या चटणीचा डबा. विमानतळावर चाकाच्या खुर्चीत बसा म्हटलं तर म्हणाल्या, "मी काय म्हातारी आहो?" भावाच्या खोलीवर त्यांनी एकदा नजर फिरवली, पलंगाच्या बाजूचं ते एकच टेबल, त्यावरचं एकच ताट, एकच पेला. त्यांची झोपायची व्यवस्था आमच्याकडे केली होती.

रविवारी सकाळी आम्ही कॅफेत पोचलो, तेव्हा मॅनेजरबाईंनी पाटी खरंच आत नेली होती आणि एक स्टूल घोड्याशेजारी मांडून ठेवलं होतं. ताई घोड्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांनी त्याचा तुटका कान चाचपला. मग वाकून पोटाखाली हात घातला. हात तिथे थोडा थांबला. हे शेजारी उभे होते, आणि साठी ओलांडलेल्या त्या माणसाचा चेहरा मी पाचवीतल्या मुलासारखा झालेला पाहिला.

ताईंनी हात काढून घेतला, पदराला पुसला आणि म्हणाल्या, "हा तो नाही, भाऊ."

ते म्हणाले, नीट बघ ताई.

"पाहिलं. त्याच्यावर मी बसली होती, तू नाही. हा तो नाही."

ताई स्टुलावर बसल्या आणि मॅनेजरबाईंनी आणलेली कॉफी बशीत ओतून प्यायल्या. घोड्यावर कुणीच बसलं नाही. कॉफी संपल्यावर ताई त्यांना म्हणाल्या, "आता घरी चाल. तुह्यावाचून लय दिवस काढले मी." त्यांचा इथल्या नोकरीचा पास नव्यानं करायची वेळ आली होती, कंपनी तयार होती, आणखी एक वर्ष, आणखी एक वर्ष, असं त्यांचं चाललंच होतं. त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. आम्ही निघालो तेव्हा मागे वळून बघितलं, तर मॅनेजरबाई पाटी पुन्हा जागेवर ठेवत होती.

मला त्या दिवशी ताईंचा राग आला. एवढं केलं भावानं, तोच आहे म्हणायला काय जात होतं? संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात त्या ज्वारीच्या भाकरी थापत होत्या आणि मी शेजारी कांदा चिरत होते. माझं तोंड बघूनच त्यांना कळलं असावं. थापता थापता शांतपणे म्हणाल्या, "तोच आहे तो."

मी सुरी खाली ठेवली.

पोटाखाली एक खिळा आहे, त्या म्हणाल्या. ठोकताना अर्धाच गेलेला. त्या दिवशी पाळणा फिरायला लागला तेव्हा भीतीनं त्यांनी तोच घट्ट धरला होता. त्यांनी पीठ लागलेलं बोट माझ्यासमोर धरलं. त्यावर आडवा, जुना, पांढरा व्रण होता. मग असं का म्हणालात, मी विचारलं.

"तोच आहे म्हटलं असतं, तर हा त्याच्यापाशी बसूनच राहिला असता. मरेपर्यंत. मी एक चक्कर बसली, पोरी, अन् उतरली. हा बसलाही नाही, अन् उतरलाही नाही." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. "त्याले वाटते, माहं आयुष्य त्याच्यापायी गेलं. नाही गेलं. मले त्याचं घर नको, पैसे नको. दोन मजल्याचं घर आहे अन् बोलायले कोणी नाही. त्याले इथं कोणी नाही, मले तिथं कोणी नाही. मग हा कोणता हिशोब झाला?"

हे त्याला कधी सांगू नको, असं त्यांनी मला बजावलं. मला रडू आलं, आणि समोर कांदा होता हे बरं झालं.

ताई नागपूरला परतल्या, आणि त्यानंतर दोन आठवड्यांनी त्यांच्या भावानं मला जिन्यात गाठून सांगितलं, की पास नव्यानं करत नाही, चाललो. अंकलनी त्यांना निरोपादाखल फुटबॉलच्या संघाचा एक मफलर दिला. नागपूरच्या उन्हाळ्यात त्याचं ते काय करणार होते, देव जाणे. रेवानं त्यांना मिठी मारली आणि ती खोलीत जाऊन दार लावून बसली. मी चांगीपर्यंत पोचवायला गेले.

विमानतळावर वेळ होता. आम्ही कॉफी घेऊन बसलो. मनात ताईंचं गुपित होतंच, आणि काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, घोडा तो निघाला नाही, तुम्हाला फार वाईट वाटलं असेल.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तोच आहे," ते म्हणाले. "खिळा मला पहिल्याच रविवारी लागला होता. बाबा नेहमी सांगायचे, खिळ्यानं पोरीचं बोट फाडलं म्हणून. ताई खोटं बोलली."

मी विचारलं, तर त्यांना तसं सांगितलं का नाहीत?

"ताईनं आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नाही. पहिल्यांदा मागितलं, ते खोटं बोलून मागितलं. मग मी तिथे उभा राहून खरंखोटं करायचं?" त्यांनी कप बाजूला सारला. "तिला कळू देऊ नका."

मी मान हलवली. दुसरं काय करणार होते? बॅग उचलून ते रांगेत उभे राहिले, मफलर गळ्यात, आणि काचेच्या दारातून आत गेले.

त्यांची खोली आठवड्याभरात एका संशोधक मुलीनं घेतली. ती रात्री फोनवर खूप हसते. अंकल एकटेच सामने बघतात. रविवारची सकाळ मला आता फार लांब वाटते, आणि जेवायला कुणाला बोलवावं ते सुचत नाही.

अधूनमधून नागपूरहून व्हिडिओ कॉल येतो. ताई आधी रेवाची चौकशी करतात, मग माझी, आणि एकदा तरी, सहज विचारल्यासारखं विचारतात, तो घोडा आहे का अजून तिथं? मी म्हणते, आहे. त्या माझ्याकडे बघून किंचित हसतात, आमच्या दोघींचं ठरलेलं असल्यासारखं. तेवढ्यात मागच्या खोलीतून त्यांचा आवाज येतो.

"सोड ना ताई आता. तो आपला नव्हताच."